किल्ल्यांच्या रस्त्यावरचा उस्ताद

कतारमध्ये माणसं गाडी करून किल्ले बघायला जातात, हे मला गावाकडं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्याकडं किल्ला म्हणजे चढताना जीव गेला पाहिजे. इथले किल्ले सपाट जमिनीवर, मातीच्याच रंगाचे, कोपऱ्यांना बुरूज, आणि आत शिरलं की लगेच मागच्या भिंतीला नाक लागतं. पण स्वच्छ आहेत, आणि माझं पोट त्यांच्यावर चालतं, म्हणून त्यांना नावं ठेवत नाही. ठेवायचीच तर आमच्या मालकाला ठेवीन.

आमचे मालक इनायतसाहेब. मूळचे हैदराबादचे, दोह्यात त्यांची छोटी टूर कंपनी. एका उन्हाळ्यात ते बायकोला घेऊन जर्मनीला गेले आणि तिथल्या वाईनच्या रस्त्यावरून फिरून आले. नदीकाठचा रस्ता, थोडं पुढं गेलं की गाव, गावाच्या डोक्यावर किल्ला, उतारावर द्राक्षांच्या बागा, आणि दर गावात घोटभर वाईन चाखायची. आल्या आल्या आम्हाला ऑफिसात बसवून फोटो दाखवले आणि म्हणाले, "ऐसा रूट हम इधर बनाएँगे." मी म्हटलं, "साब, इधर वाईन?" तर म्हणाले, "वाईन नहीं तो चाय. किले तो हैं ना?" झालं. त्या दिवसापासून आमची मिनीबस उत्तरेकडं जाते. उम्म सलालच्या किल्ल्यापाशी करक, म्हणजे इथला वेलची घातलेला दाट चहा. अल खोर गावात खजूर आणि गहवा, इथली कडू कॉफी. झुबाऱ्याच्या किल्ल्यावर लिंबू-पुदिना. शेवटी अल जुमेल, समुद्राकाठचं ओस पडलेलं कोळ्यांचं गाव, तिथं प्यायला काही नाही, नुसतं वारं खायचं. गोरे लोक खूश असतात. त्यांना काय, सगळंच आवडतं.

या बसमध्ये मी गाईड. सुदाम माझं नाव. माईक हातात घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी किल्ल्यांचा इतिहास सांगतो. आणि गाडी चालवायला जालिंदर खैरनार. मला सांगायचंय ते त्यांचंच.

मी त्यांना उस्ताद म्हणतो. ट्रकवरच्या पोरांनी ड्रायव्हरला उस्तादच म्हणायचं असतं, आणि मी त्यांच्या ट्रकवर क्लीनर होतो. निफाडहून द्राक्षं भरायची आणि थेट कलकत्ता. द्राक्षाची गाडी म्हणजे तान्ह्या बाळाला न्यायचं काम, खड्ड्यात एकदा आदळली की खालच्या पेट्यांचा रस. उस्तादांच्या गाडीतली पेटी कधी ओली उतरली नाही. व्यापारी त्यांच्यासाठी गाडी थांबवून ठेवायचे. दिसायला शिडशिडीत, बोलायला कमी, पण स्टिअरिंगवर बसले की त्या माणसाची छाती रुंद व्हायची. खाली उतरले की पुन्हा साधा माणूस, चुलतभावानं बांध कोरला तरी गप्प बसणारा.

क्लीनरचं काम म्हणजे काच पुसायची, टायर ठोकून बघायचे, आणि साद घालायची. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डावी बाजू त्याला नीट दिसत नाही, ती क्लीनरनं सांगायची. "हाय हाय, येऊ द्या. सायकल हाय. थांबा. जाऊ द्या आता." सारखी बडबड. ज्याची साद चुकली त्याला उस्ताद पुढच्या ढाब्यावर उतरवून द्यायचे. मला कधी उतरवलं नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

पुढं ते कतारला आले. मेसईदच्या कारखान्यात कामगारांची बस बरीच वर्षं चालवली. मग मलाही बोलावून घेतलं. इनायतसाहेबांनी टूरची बस घेतली तेव्हा उस्ताद त्यावर लागले आणि त्यांनीच साहेबांना सांगितलं, "बाजूला बसायला माझा सुदाम द्या, बोलायला लय पटाईत आहे." म्हणून मी गाईड झालो. माझी लायकी दुसऱ्या कुणाला दिसली नसती.

पहिल्याच फेरीत उस्ताद म्हणाले, "सुद्या, साद घाल की पूर्वीसारखी. बरं वाटतं." मला हसू आलं. इथं गाडी उलटी, ड्रायव्हर डावीकडं, मी उजवीकडं, मोठाले आरसे, कॅमेरे, साद कशाला? पण जुनी हौस म्हणून मी सुरू केली. माईक बंद करून मराठीत म्हणायचं, "उजवीकडं मोकळं. डावीकडून पांढरी लँडक्रूझर येतेय, येऊ द्या तिला. चला." आणि माईक चालू करून पाहुण्यांना, "लेडीज अँड जंटलमन, धिस फोर्ट..." पाहुणे गालातल्या गालात हसायचे. एका बाईनं विचारलं, तुम्ही दोघं गाता का? मी म्हटलं, हो, आमच्या गावचं गाणं आहे.

सांगायचा मुद्दा, मला काही कळलं नाही. दुसरा कुणी ड्रायव्हर असता आणि त्याला चौकाचौकात सांगावं लागत असतं, तर मला पहिल्या दिवशी संशय आला असता. पण क्लीनरनं साद घालायची, उस्तादानं ऐकायची, यात विचित्र काय? ते माझ्या अंगात मुरलेलं होतं. म्हणून तर फसलो.

कळलं ते उम्म सलालला. चहावाला पोरगा ट्रे घेऊन उस्तादांच्या डाव्या अंगाला उभा राहिला. "उस्ताद, चाय," तो म्हणाला. उस्ताद समोर बघत होते. त्यांनी हात पुढं केला तो सरळ ट्रेवर, ग्लास उलटे, चहा त्यांच्या मनगटावर. पोरगा घाबरून पळाला. मी म्हटलं, "उस्ताद, एवढा ट्रे दिसला नाही?" ते रुमालानं हात पुसत राहिले. मग गाडीमागं नेऊन त्यांनी मला सांगितलं, तेही असं की जणू दुसऱ्या कुणाचं सांगताहेत.

त्यांना मधलं दिसतं. समोरचं, सरळ, अगदी लांबची पाटीसुद्धा वाचता येते. पण कडेचं गेलंय. नळीतून बघावं तसं. लायसनच्या तपासणीत समोरची अक्षरं वाचून दाखवायची असतात, ती ते धडाधड वाचतात आणि शिक्का घेऊन येतात. एशियन टाउनजवळच्या एका डॉक्टरला त्यांनी गुपचूप दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाला, हे घराण्यातलं आहे, औषध नाही, नळी बारीक होत जाणार, आणि गाडी आजच सोडा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तू आहेस की," उस्ताद म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागं बारा माणसं बसतात, लेकरं असतात, आणि हा माणूस माझ्या तोंडाच्या भरवशावर गाडी हाकतोय, तेही मला न सांगता. मी त्यांना नको नको ते बोललो. आयुष्यात पहिल्यांदा उस्तादांना अरेतुरे केलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्या आबांना तू बघितलं नाहीस."

त्यांचे वडील, आबा, असेच गेले होते. म्हणजे मेले नाहीत, आंधळे झाले आणि ओट्यावर बसले. पोरगा जालिंदर त्यांचा हात धरून त्यांना परसाकडं न्यायचा. "सकाळी माणसं पाणी भरायला जायची ना सुद्या, तेव्हा आबा आवाजावरून ओळखायचे आणि हाक मारायचे. सुरुवातीला माणसं थांबायची. मग कुणी थांबेना. पाय न वाजवता जायची. मीसुद्धा जायचो." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "मला ओट्यावर बसवू नकोस. गाडीवर आहे तोवर मी माणूस आहे."

मी साहेबांना काही सांगितलं नाही. उलट गाडीत दुप्पट बोलायला लागलो. त्या दिवसापासून माझी साद हौसेची राहिली नाही. इथल्या गोलचक्करात डावीकडून गाड्या सुसाट येतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. मी अर्धा सीटवरून उठून उस्तादांच्या छातीवरून पलीकडं बघायचो. "थांबा. थांबा म्हटलं ना. एक गेली, दुसरी येतेय. आता घाला, यल्ला, चला." संध्याकाळी घसा बसायचा. रोज रात्री ठरवायचो, उद्या साहेबांना सांगतो. सकाळी उस्ताद सीट पुसून, कपाळाला अबीर लावून बसलेले दिसायचे की सगळं अवसान गळायचं.

मग आल्या पुष्पावतीबाई.

त्या नाशिकच्या. मुलगा सुशांत आणि सून उर्वी इथं दोह्यात आयटीत नोकरीला, आणि बाई दोन महिन्यांसाठी आलेल्या. त्या दिवशी बसमध्ये सासू-सून दोघी होत्या, बाकी सगळे परदेशी. बाई मागच्याच वर्षी मुलाबरोबर जर्मनीचा तोच वाईनचा रस्ता करून आल्या होत्या, त्यामुळं प्रत्येक थांब्यावर तुलना. अल खोरला गहव्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "तिकडं किल्ल्यावर वाईन दिली तीही आंबटच होती गं उर्वी, पण निदान गार तरी होती." मी फस्सकन हसलो. बाईंनी चमकून बघितलं.

"अय्या, तुम्ही मराठी? कुठले?"

"निफाडकडचा."

"अगं बाई, माझं माहेर ओझर."

परदेशात माणसाला माहेरच्या बाजूचं कुणी भेटलं की काय होतं ते सांगायला नको. झुबाऱ्याचा किल्ला होईपर्यंत त्यांनी माझ्या गावातली चार घरं ओळखीची काढली. बिचाऱ्यांचा स्वभाव चांगला, आणि खरं सांगू, मलाही गोड लागत होतं. कित्येक महिन्यांत उस्ताद सोडून माझ्याशी कुणी आपल्या बोलीत बोललं नव्हतं, आणि उस्तादांशी बोलणं म्हणजे नुसतं थांबा आणि चला.

झुबाऱ्याहून अल जुमेलकडं निघालो. रस्ता सुनसान, दोन्हीकडं वाळू आणि मधूनच एखादं शेतघर. मी डोळे रस्त्यावर ठेवून होतो. मागून बाई म्हणाल्या, "तिकडं काय सुरेख बागा हो, पण सगळ्या डोंगरउतारावर, काठ्यांना बांधलेल्या. आपल्यासारखा मांडव नाही. खाली सावलीला बसायची सोयच नाही." आणि मी मागं वळलो. "बरोबर बोललात बाई, मांडवाखाली जेवणाची मजा—"

एवढंच. तेवढ्यात बाई किंचाळल्या आणि धाडकन आवाज झाला.

उजवीकडच्या शेतघरातून एक माळी सायकलवर रस्त्यावर येत होता. बांगलादेशी, माझ्याच वयाचा. गाडीचा कोपरा सायकलच्या मागच्या चाकाला लागला. तो उडून वाळूत पडला. मी उतरून धावलो. तो उठून बसला. गुडघा सोललेला, कोपरातून रक्त, सायकलचं चाक पापडासारखं वाकलेलं. बाकी धड होता. आणि त्यानं काय केलं माहिताय? हात जोडले. "मेरा गलती, साब. पुलिस मत बुलाओ, साब." त्याला वाटलं आपणच मध्ये आलो.

सगळ्यांनाच तसं वाटलं. उर्वीनं त्याला पाणी पाजलं, जखमेवर पट्टी बांधली. पुष्पावतीबाई त्यालाच रागावल्या, "बघून चालवत जा रे बाबा, पोराबाळांचा धनी तू." पाहुण्यांतला एक जण उस्तादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, गुड ब्रेक, गुड ब्रेक. उस्ताद स्टिअरिंगला धरून बसले होते. मी खिडकीपाशी गेलो तर हळूच विचारलं, "सुद्या, कुठून आला तो?"

त्यांना तो शेवटपर्यंत दिसला नव्हता. ब्रेक मारला तो बाईंच्या किंकाळीनं.

सायकल टपावर बांधली, माळ्याला त्याच्या मुकादमाच्या हवाली केलं. परत येताना मी मागं वळलो नाही. बाई दोनदा काहीतरी बोलल्या, मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांना राग आला असेल.

आम्ही दोघं राहतो त्या खोलीवर आल्यावर उस्ताद कांदा चिरायला बसले, जसं काही झालंच नाही. म्हणाले, "वाचलो बघ. देव आहे."

"देव तुमच्या गाडीत नव्हता उस्ताद, त्या माळ्याच्या सायकलवर होता," मी म्हणालो. "उद्यापासून मी साद घालणार नाही."

ते हसले. "जमायचं नाही तुला. तुझं तोंड गप्प राहतंय होय?"

"उद्या बघा."

"सुद्या, थोडे दिवस काढू रे. मी हळू चालवीन."

"आणि मग? थोड्या दिवसांनी काय होणार आहे? नळी रुंद होणार आहे?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. "मग मी जाऊ कुठं?" म्हणाले. "हे एक सोडून मला काय येतं? तूच सांग, मी जाऊ कुठं?" मी सुरी उचलून उरलेला कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पार्किंगमधून पाहुणे घ्यायचे होते, बस रात्री तिथंच लावलेली असते. सगळे बसले. मागं गाड्यांची रांग, दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या, बस रिव्हर्स घेऊन बाहेर काढायची. उस्तादांनी इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला आणि म्हणाले, "हं, बोल."

मी समोर बघत बसलो.

"सुद्या, बोल की."

मी दात दातांवर दाबून धरले. मागं कॅमेरा बीप बीप करत होता. स्क्रीनवर गाडीची मागची बाजू दिसत होती, पण तीसुद्धा डॅशबोर्डच्या कडेला, उस्तादांच्या नळीच्या बाहेर. त्यांनी मान वळवून एकदा हा आरसा बघितला, एकदा तो. मग पुन्हा पहिला. एका वेळी एकच दिसणार, दुसरीकडं तोवर कोण आलं कुणी सांगावं? गाडी वीतभर हलली आणि थांबली. पाहुणे कुजबुजायला लागले. उस्तादांच्या कानामागून घामाची धार लागली. मला वाटलं मी आता बोलेन, आता बोलेन. एक शब्द टाकला असता तर गाडी निघाली असती आणि आम्ही पुन्हा किल्ल्याच्या वाटेला लागलो असतो. मी बोललो नाही. उभ्या आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही.

इनायतसाहेब बाहेर उभे होते. त्यांनी काचेवर टकटक केलं. "क्या हुआ जालिंदर? यल्ला."

उस्तादांनी इंजिन बंद केलं. काच खाली घेतली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "साहब, मेरे को बाजू का दिखता नहीं. बहुत दिन से."

साहेब माणूस वाईट नाही. आरडाओरडा केला नाही. फोन करून जहूर नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावलं. जहूर येईपर्यंत उस्ताद सीटवरच बसून होते. मग उतरले, आणि मला म्हणाले, "तू जा गाडीवर. माणसं खोळंबलीत." मी गेलो. काय करणार होतो? दिवसभर मी किल्ले दाखवले, इतिहास सांगितला, माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

चारच्या सुमाराला खोलीवर आलो. उस्ताद पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. साहेबांनी तिकिटाचं सांगितलं होतं, चार दिवसांनी मुंबई. फोन माझ्याकडं सरकवून म्हणाले, "अंबिकाला तूच सांग. माझ्यानं होणार नाही."

अंबिकावहिनी म्हणजे उस्तादांची बायको, त्या गावी घर सांभाळतात. मी स्पीकरवर फोन लावला. आडवळणं घेत घेत सांगायला लागलो, की वहिनी, उस्तादांच्या डोळ्यांचं जरा...

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाल्या.

उस्तादांनी मान वर केली.

"मागच्या सुट्टीला आले तेव्हाच कळलं. ताट वाढलं की डावीकडची चटणी, लिंबू, सगळं तसंच राहायचं. हाताला लागेल तेवढं मधलं खायचे. चटणीशिवाय कधी जेवलेत का हे? मग मी मधोमधच वाढायला लागले. बोलले नाही. बोलले असते तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं त्यांना."

मला रागच आला. "वहिनी, अहो, ठाऊक होतं आणि पुन्हा गाडीवर जाऊ दिलंत?"

"तुम्ही होता ना शेजारी," वहिनी म्हणाल्या. "सुदामभाऊ साद घालतात, असं हेच सांगायचे फोनवर. मी म्हटलं, भाऊ आहेत तोवर काळजी नाही. तुमच्या जिवावर तर झोप लागायची मला."

उस्ताद खाली बघत होते. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, वहिनींनी गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, "विमानात तरी तुम्ही येताय ना यांच्याबरोबर?"

मला सुट्टी नव्हती. रोज सकाळी सातला जहूरच्या गाडीवर जायचं होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर उस्ताद म्हणाले, "येतोय म्हणून सांग तिला."

मी म्हटलं, "हो वहिनी, येतोय."